बाईंचा दात आणि कोबाको कसोटी

सोमवारी संध्याकाळी सव्वासात वाजता, नववीच्या भूमितीच्या पेपरांचा गठ्ठा पुढ्यात असताना, बाईंनी लाल पेनचं टोपण दातांनी उघडलं.

बस्स, गुन्हा म्हणाल तर एवढाच. पण केला कुणी ते बघा ना! ज्या बाईंनी एकतीस वर्षं मुलांच्या तोंडातून पेन्सिली, खोडरबरं, पट्ट्या आणि एकदा तर अख्खा कोनमापक बाहेर काढला, त्या बाईंनी. बरं, त्या ओरडायच्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मुलांना सोपं गेलं असतं. त्या नुसत्या बाकापाशी यायच्या आणि उजवा तळहात पुढे करायच्या. कितीही दांडगा मुलगा असो, तोंडातली वस्तू निमूटपणे त्या तळहातावर ठेवायचा, आणि ती वस्तू टेबलाच्या डाव्या खणात जमा व्हायची. त्या खणाला शाळेत सगळे टरकून असत. बाईंना पाठीमागे 'काटकोन' म्हणत, कारण त्या खुर्चीत बसल्या तरी नव्वद अंशांतच बसत. हे नाव आपल्या कानावर कधी आलंच नाही, असा चेहरा बाईंनी एकतीस वर्षं टिकवला होता.

तर टोपण निघालं. त्याच्याबरोबर 'कट' असा आवाज झाला आणि वरच्या पुढच्या दाताचा कोपराही निघाला.

"काय मोडलं गं?" आतल्या खोलीतून यजमानांनी विचारलं.

"काही नाही," बाई म्हणाल्या. हे ठीक आलं. मग त्या म्हणाल्या, "सांगते ना, काही नाही म्हणून," आणि 'सांगते'तल्या 'स'च्या जागी अशी काही खणखणीत शिट्टी वाजली, की यजमान हातातला स्क्रू ड्रायव्हर घेऊन तसेच बाहेर आले.

दोघांनी मिळून तुकडा शोधला. कपाटाखाली टॉर्च मारला, सतरंजी झटकली, केराची टोपली वर्तमानपत्रावर उलटी केली. तुकडा कुठे गेला ते कळायला शुक्रवार उजाडावा लागला. तोवर पेपर तपासून झाले, आणि मंगळवारी सकाळी नेहमीच्या रिवाजाने तो गठ्ठा गुणांच्या बेरजा तपासायला दुसऱ्या गणित शिक्षकांकडे, म्हणजे पडदावाल्या सरांकडे, रवाना झाला.

या पडदावाल्या सरांबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. वय तीस, चेहरा हसरा, आणि भूमिती शिकवायची पद्धत अशी की खिडक्या बंद करायच्या, पडदा लावायचा आणि त्यावर रंगीत त्रिकोण नाचवायचे. मुलं खूश, पालक खूश, मुख्याध्यापक तर विचारूच नका. इतके खूश, की पुढच्या वर्षी दहावीची भूमिती सरांना द्यावी आणि बाईंना पाचवी द्यावी असं त्यांच्या मनात घोळत होतं. पण एकतीस वर्षांच्या बाईंना हे तोंडावर सांगणार कोण? त्यांनी त्यावर तोडगा काढला. शुक्रवारी तपासणी अधिकारी येणार होते. दोघांनीही त्यांच्यासमोर एकेक नमुना पाठ घ्यावा, मग साहेब ठरवतील ते ठरवतील. हा डाव बाईंनी ओळखला होता, आणि विषय घेतला होता त्रिकोणांची एकरूपता.

आता भूमितीत 'स' किती आहेत हे ज्याचा दात मोडला नाही त्याला कळायचं नाही. समांतर, समद्विभुज, समभुज, संगत बाजू, संगत कोन, सिद्ध करा, समजा. 'समजा' शिवाय तर भूमिती सुरूच होत नाही! बाईंनी रात्री आरशासमोर उभं राहून "समजा, संगत बाजू समान" एवढं म्हणून पाहिलं. चार शब्द, तीन शिट्ट्या. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. नववीच्या वर्गात अशी एक शिट्टी वाजली, तर उत्तरादाखल चाळीस वाजणार होत्या. दहावी गेली असती, ते एक वेळ सोसलं असतं. पण काटकोनाला शिट्ट्या? छे!

सकाळी जिन्यात समोरच्या काकू भेटल्या. "अगंबाई, दाताला काय झालं?"

"बदाम खाताना," बाईंनी तोंडावर पदर धरून सांगितलं. आयुष्यात खोटं बोलायची सवय नाही, त्यामुळे जे पहिलं सुचलं ते बोलून गेल्या. नेमकं गेल्याच आठवड्यात मुलाकडून परत आल्यावर काकूंनी सगळ्या शेजाऱ्यांना पावशेर पावशेर बदाम वाटले होते, हे काही त्यांच्या लक्षात आलं नाही.

काकूंचा चेहरा पडला. "माझे बदाम?"

"नाही, म्हणजे..."

"दुसरे बदाम आहेत तुमच्या घरी?"

नव्हते. झालं! काकूंच्या बदामांवर ठपका आला. तासाभरात त्या बदामांची बरणी घेऊन दारोदार फिरू लागल्या. "खा आणि सांगा, कडक आहे का? अगदी खरं सांगा हं." वरच्या मजल्यावरचे निवृत्त बँकवाले कवळीने बदाम फोडून दाखवायला लागले आणि कवळीला तडा गेला. आता बदामांवर दोन गुन्हे दाखल झाले. यजमानांना खरं माहीत होतं. ते दारात उभं राहून हे सगळं बघत होते, आणि त्यांचं हसू काही केल्या आवरेना.

"मी सांगू का काकूंना?" त्यांनी हळूच विचारलं.

"खबरदार," बाई म्हणाल्या. या शब्दाचा त्यांना मोठा आधार वाटला, कारण त्यात 'स' नव्हता.

मंगळवारी वर्गात न बोलता नुसती फळ्यावर गणितं लिहून देऊन बाईंनी वेळ निभावली; बुधवारी शाळेत अर्ध्या दिवसाची रजा मागायला गेल्या तर कारकुनांनी चष्मा कपाळावर चढवला. "कारण?"

"दात."

"दात हे कारण नाही बाई, दात हा अवयव आहे. आजार लिहू की अपघात?"

"अपघात लिहा."

"मग कुठे झाला? शाळेचं काम करताना झाला असेल तर वेगळा फॉर्म. त्याला मुख्याध्यापकांची सही, घटनास्थळाचं वर्णन आणि एक साक्षीदार लागतो. घरी खाताना झाला असेल तर खाजगी कारण. सोप्पं काम."

शाळेचे पेपर तपासताना झालं म्हणजे शाळेचंच काम. पण घटनास्थळाच्या वर्णनात टोपण आलं असतं. बाईंनी दीर्घ श्वास घेतला. "खाताना."

"काय खाताना? रकाना आहे इथे."

"लिहा, बदाम," बाई म्हणाल्या. काकूंच्या बदामांची बदनामी अशी सरकारदरबारी रुजू झाली.

दाताच्या डॉक्टरांच्या पाटीवरचं नाव बाईंनी वाचलंसुद्धा नव्हतं. त्या खुर्चीत आडव्या झाल्या, वरचा दिवा लागला, तोंडावर मास्क लावलेला एक माणूस वाकला आणि एकदम ताठ उभा राहिला.

"बाई! तुम्ही?"

बाईंनी त्याच्या कपाळाकडे पाहिलं. बाईंना नावं लक्षात राहत नसत, पण हजेरीपटातले नंबर मरेपर्यंत विसरायच्या नाहीत. "सत्तावीस नंबर," त्या म्हणाल्या. दोन 'स' होते, दोन्ही वाजले.

"हजर, बाई!" डॉक्टर म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं त्यांच्या.

हा सत्तावीस नंबर म्हणजे बाईंच्या डाव्या खणाचा सगळ्यांत मोठा देणगीदार. पेन्सिल अशी चावायचा की शिसं तेवढं उरायचं. आता त्याचं डोकं अर्धं पिकलं होतं, दारात सहा माणसं बाकावर बसून होती, आणि हा बघावा तर बाईंसमोर हाताची घडी घालून उभा. ज्या बाईंनी सात वर्षं "तोंड बंद ठेव" म्हणून सांगितलं, त्यांना "तोंड उघडा" सांगायचं कसं हेच त्याला कळेना.

"बाई, जरा... म्हणजे, तुमची हरकत नसेल तर... आ करता?"

बाईंनी आ केला. सत्तावीस नंबरने आरसा आत घातला, भिंग डोळ्यावर ओढलं आणि दात नीट निरखला. "बाई, हे कशाने झालं म्हणालात?"

"बदाम."

"बरं बाई," तो म्हणाला. दाताच्या तड्यात लाल शाई उतरली होती, आणि लाल शाईचा बदाम काही अजून कुठे पिकत नाही. पण हे बोलायची त्याची छाती झाली नाही.

त्याने दाताच्या रंगाचं मिश्रण कालवलं, बाईंच्या दातांशी सहा छटा ताडून पाहिल्या, लिंपलं, निळ्या दिव्याने कडक केलं आणि पाच मिनिटांत "झालं बाई" म्हणून सुटकेचा नि:श्वास टाकला. घाईघाईत आणि धाकात केलेलं काम. गृहपाठ असाच करायचा तो.

बुधवारी संध्याकाळी त्या घाईचे परिणाम दिसले. बाई स्वयंपाकघरात कुकरमध्ये बटाटे लावून आतल्या खोलीत पाठाची तयारी करत होत्या. यजमानांना तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करायला सांगितलं होतं. त्यांनी इमानेइतबारे तीन मोजल्या आणि गॅस बंद केला. जेवताना बटाटा काट्याने टोचला तर तो सबंधच्या सबंध उडून पाण्याच्या तांब्यात पडला.

"तीन झाल्या होत्या! मी मोजल्या!" यजमान म्हणाले. मग त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "तू आत काय म्हणत होतीस?"

"समद्विभुज," बाई म्हणाल्या, आणि दोघांनीही कुकरकडे पाहिलं.

बाईंनी कंपासपेटी आणली, आरसा धरला आणि दोन्ही पुढचे दात पट्टीने मोजले. नवा कोपरा गोलसर होता आणि तब्बल एक मिलिमीटर आखूड. फट तशीच राहिली होती. यजमान उत्साहाने उठले. घरातलं झुंबर, बादलीचा कान, बाईंचा चष्मा, सगळं त्यांनी दोन नळ्यांच्या गोंदाने चिकटवलेलं होतं. "मी एक मिलिमीटर वाढवून देतो. पाच मिनिटांत बसतो, मग हत्तीने ओढला तरी निघायचा नाही."

"माझ्या तोंडाच्या दोन हात लांब राहायचं," बाईंनी बजावलं. आणि त्या एकदम रडकुंडीला आल्या. खरंच आल्या. "अहो, एकतीस वर्षं मी वर्गात पाठ फिरवून फळ्यावर लिहिलंय. माझ्या पाठीमागे आजवर कुणी हसलं नाही. परवा हसतील."

यजमानांनी गोंदाच्या नळ्या मुकाट्याने खिशात टाकल्या. "अगं, मग त्या पोराला नीट मोजून करायला सांग ना," ते म्हणाले. "तू मास्तरीण, तो तुझा विद्यार्थी. घाबरून काय बसलीस?"

गुरुवारीही वर्गात फळ्यावरच भागवून, संध्याकाळी शाळा सुटल्यावर बाई कंपासपेटी घेऊनच दवाखान्यात शिरल्या. "सत्तावीस, उत्तर चुकलंय," त्या म्हणाल्या. "पुन्हा सोडव."

सत्तावीस नंबरचा चेहरा पार उतरला. "बाई, खरं सांगू? मूळ तुकडा नाही. कोपरा कसा होता ते मला अंदाजानेच..."

"अंदाजाने? भूमितीत?"

मग जे झालं ते त्या दवाखान्याने आजवर पाहिलं नव्हतं. बाईंनी आधी तो गोलसर कोपरा काढायला लावला. मग मोडक्या दाताचा पांढरा साचा करवून घेतला, टेबलावर ठेवला आणि डॉक्टरांना समोरच्या स्टुलावर बसवलं. "मोडलेला भाग कुठल्या आकाराचा?"

"त्रिकोण, बाई."

"त्यातली कुठली बाजू आपल्याकडे शिल्लक आहे?"

"जिथे मोडला ती रेघ. ती दातावर तशीच आहे."

"आणि दाताच्या दोन कडा सरळ पुढे वाढवल्या तर?"

सत्तावीस नंबरने साच्यावरच्या कडा बोटाने पुढे ओढून पाहिल्या. मग त्याचे डोळे असे चमकले, जसे शाळेत कधीही चमकले नव्हते. "दोन्ही टोकांचे कोन मिळतात! दोन कोन आणि मधली बाजू! बाई, कोबाको कसोटी! कोन, बाजू, कोन! असा त्रिकोण एकच निघतो, दुसरा निघूच शकत नाही!"

"हे तू नववीत सांगितलं असतंस, तर किती बरं झालं असतं," बाई म्हणाल्या.

कर्कटकाने रेघ मोजली, चार मिलिमीटर. एक कोन अडतीस अंश, दुसरा चोपन्न. बाईंनी टोकदार पेन्सिलने कागदावर खऱ्या मापाचा इवलासा त्रिकोण काढला. "तिसरा कोन किती?"

"एकशे ऐंशी वजा ब्याण्णव, अठ्ठ्याऐंशी. म्हणजे जवळजवळ काटको..." सत्तावीस नंबरने जीभ चावली आणि त्याचे कान लाल झाले.

"काटकोन," बाईंनी शांतपणे शब्द पूर्ण केला. "म्हण की. मला माहीत आहे." या वाक्यात 'स' नव्हता, तरी तो स्टुलावरून पडायचा राहिला.

या खेपेला त्याने घाई केली नाही. मापाबरहुकूम कोपरा उभा राहिला, निळा दिवा फिरला, बाईंनी आरशात पाहिलं आणि म्हणाल्या, "समजा, संगत बाजू समान." तिन्ही 'स' स्वच्छ! बाहेरच्या बाकावरच्या माणसांनासुद्धा ऐकू गेले. बाईंना एवढा आनंद झाला की त्यांनी "समद्विभुज सप्तकोनाचा" असा भूमितीत नसलेला शब्दही म्हणून घेतला.

निघताना त्या दारात थांबल्या. "सत्तावीस. बदाम नव्हता."

"माहीत आहे बाई. लाल शाई दिसली होती." त्याने टेबलाचा खण ओढला. आत सहा-सात पेन्सिली होत्या आणि एकजात सगळ्या मागून चावलेल्या. "माझीही सवय सुटली नाही. इथे येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, वस्तू तोंडात घालू नका म्हणून."

बाई घरी जाताना स्वतःशीच दोनदा हसल्या.

शुक्रवार उजाडला. आधी पडदावाल्या सरांचा पाठ झाला, आणि चांगला झाला, उगाच कशाला खोटं बोला. त्रिकोण नाचले, गाणं वाजलं, तपासणी अधिकाऱ्यांनी दोनदा मान डोलावली. मग बाई उभ्या राहिल्या. मागच्या रांगेत साहेब, मुख्याध्यापक आणि सर बसले होते. "समजा," बाईंनी सुरुवात केली आणि पाठ सुरळीत निघाला. संगत बाजू झाल्या, संगत कोन झाले, एक शिट्टी नाही. कोबाको कसोटी फळ्यावर लिहून झाली.

"साहेब, परवानगी असेल तर," सर मध्येच उभे राहिले. त्यांच्या हातात प्लास्टिकची छोटी पिशवी होती. "बाईंच्या पेपरांच्या गठ्ठ्यात मला हे सापडलं. अकराव्या पेपरात, पान चार. दाताचा तुकडा वाटतोय. त्याला लाल शाई आहे. म्हटलं, बाईंची वस्तू आहे, बाईंना द्यावी." चेहरा तोच, हसरा.

 चाळीस डोकी बाईंकडे वळली. साहेबांनी चष्मा पुसला. "दाताचा तुकडा? पेपरात?"

 बदाम म्हणून बाईंना मोकळं होता आलं असतं. पण बदामाला लाल शाई कशी लागली, हे चाळीसांतल्या एकाने तरी विचारलं असतंच. त्यांनी डावा खण पाहिला आणि पुढ्यातली मुलं पाहिली.

"हो, माझाच आहे," बाई म्हणाल्या. "सोमवारी तुमचे पेपर तपासताना मी लाल पेनचं टोपण दातांनी उघडलं. जे तुम्हाला करू देत नाही, ते केलं आणि दात मोडला. वर शेजारी आणि ऑफिसात बदाम म्हणून खोटं सांगितलं. चूक माझी." त्यांनी पर्समधून लाल पेन काढलं, सगळ्यांना दिसेल असं वर धरलं आणि डाव्या खणात टाकलं.

कुणीही हसलं नाही. मग बाईंच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं.

"पण सरांनी आणलंच आहे, तर वापरू या," त्या म्हणाल्या, आणि पर्समधून घडी घातलेला कागद काढला. "हा तुकडा हरवला होता. काल तो न बघता, फक्त एक बाजू आणि दोन कोन मोजून मी हा त्रिकोण काढला. कोबाको खरी असेल, तर हा तुकडा या आकृतीवर तंतोतंत बसायला हवा. बसला नाही, तर एकतीस वर्षं मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. साहेब, तुम्हीच ठेवून बघता का?"

साहेब पुढे आले. त्यांच्या मागे मुख्याध्यापक. चाळीस मुलं बाकांवर चढली आणि आज बाईंनी त्यांना खाली उतरा म्हटलं नाही. साहेबांनी नखाच्या टोकावर तुकडा घेतला, कागदावर ठेवला, फिरवला, पुन्हा फिरवला. एक बाजू जुळली. पहिला कोन. दुसरा कोन.

"बसला!" साहेब ओरडले. "अहो, केसाचाही फरक नाही!"

वर्ग असा दणाणला की शेजारचा वर्ग धावत आला. पडदावाले सरसुद्धा वाकून बघत होते, आणि त्यांना कौतुक लपवता आलं नाही. "बाई, हे पडद्यावर नाही दाखवता येत," ते म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. मुख्याध्यापक घसा खाकरून दहावीबद्दल काहीतरी पुटपुटले. "दहावी बाईंकडेच हो, विचारताय काय!" साहेबांनी तिथल्या तिथे निकाल दिला.

मग शेरेबुक आलं. साहेबांनी खिशातून पेन काढलं आणि टोपण ओढलं. निघेना. पुन्हा ओढलं. बोलता बोलता त्यांचा हात सवयीने वर गेला आणि टोपण दातांत गेलं.

 बाई सरळ चालत साहेबांपर्यंत गेल्या, नव्वद अंशांत उभ्या राहिल्या आणि त्यांनी उजवा तळहात पुढे केला. साहेबांनी त्या तळहाताकडे पाहिलं, चाळीस मुलांकडे पाहिलं, आणि तोंडातलं पेन निमूटपणे काढून तळहातावर ठेवलं.

"सॉरी, बाई," साहेब म्हणाले.